मोठ्या बागेत बियांपासून वावळ : माळव्याच्या काळ्या मातीसाठी

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या घरामागे अॅशची तीन उंच झाडे आहेत. शरद ऋतूत त्यांच्या फांद्यांवर चपट्या, एकेका पंखाच्या बियांचे तपकिरी झुबके लोंबू लागतात आणि पाने गळून गेल्यावरही ते कित्येक आठवडे तसेच राहतात. इंदूरजवळ, खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या अलीकडे आमची दीड बिघ्याची जागा आहे. तिच्या पश्चिमेच्या कडेला मोठी झाडे लावायची असे मी ठरवले, तेव्हा “काका, थोड्या बिया पाठवू का?” असे त्याने विचारले. मी नको म्हणालो, आणि त्यामागे केवळ हट्ट नव्हता.

अॅशची बी झाडावरून सुटते तेव्हा तिच्यातील अंकुराची वाढ पुरी झालेली नसते. आधी काही आठवडे ओलसर उबेत तो वाढावा लागतो आणि मग काही महिने गोठणबिंदूच्या थोडेच वर असलेल्या थंडीत त्याला काढावे लागतात. त्यामुळे निसर्गात यातील बहुतेक बी पडल्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात उगवते. फ्रिजमध्ये वाळूत ठेवून या थंडीची नक्कल करता येते, परंतु उगवलेल्या रोपाला इंदूरचा मे महिना कसा सोसावा हे फ्रिज शिकवू शकत नाही. शिवाय वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र व परवाना नसताना परदेशातून बी मागवणे कायद्याला धरून नाही, आणि १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये प्रथम लक्षात आलेला व २०१२ मध्ये ब्रिटनच्या बागांतही आढळलेला अॅशचा बुरशीजन्य मर-रोग पाहता ते शहाणपणाचेही नाही. क्रिकेटच्या यष्ट्या परंपरेने याच लाकडाच्या करतात, म्हणून होळकरांच्या क्रिकेटचा अभिमान असलेल्या या गावात हे झाड शोभले असते खरे. आणि कुळ पाहिले तर ते आपल्या पारिजातकाचे व जाई-जुईचे नातलग आहे. तरीही त्याला थंड मुलखातच राहू द्यावे.

त्याच्याऐवजी मी जे झाड लावले आणि ज्याच्याविषयी हे सविस्तर लिहीत आहे, ते वावळ होय. आपल्याकडे कोणी त्याला पापडा म्हणतात. इंदूरच्या माळ्याला मात्र ‘वावळ’ म्हटले तर कळणार नाही, त्याला ‘चिरोल’ म्हणावे लागते. आयुर्वेदात हेच झाड चिरबिल्व या नावाने येते. जुन्या बंगल्यांच्या आवारांत, नाल्यांच्या काठी आणि शेतांच्या बांधांवर ते आपोआप आलेले दिसते. याचीही बी पंखाचीच असते. साधारण एका इंचाची, गोल, कागदासारखी पातळ चकती आणि तिच्या मधोमध एकच चपटा दाणा, असे तिचे रूप आहे. माकडे हा दाणा आवडीने खातात, म्हणून हिंदीत तिला ‘बंदर की रोटी’ असेही नाव पडले आहे. परंतु स्वभावाने ही बी अॅशच्या नेमकी उलट आहे. तिला झोप ठाऊक नाही. ती ताजी असताना मातीत गेली तर आठ-पंधरा दिवसांत उगवते आणि काही महिने कपाटात पडून राहिली तर बहुतांशी मरते. पुढे जे काही सांगितले आहे, त्यातील निम्मे या एका गोष्टीतूनच निघते.

जागा आधी, बी नंतर

वावळ हे लहान बागेचे झाड नव्हे. चांगल्या जमिनीत ते १८ ते २० मीटर, क्वचित त्याहूनही उंच होते आणि त्याचा विस्तारही त्याच मानाने असतो. म्हणून दोन झाडांमध्ये किमान १० मीटर आणि झाड व घर यांच्यामध्ये किमान १२ मीटर अंतर ठेवावे. विजेच्या तारा, विहीर आणि शोषखड्डा यांच्याजवळ ते लावूच नये. आमच्या भागात उन्हाळ्यातील झोंबरा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेची व वायव्येची कड मला या झाडासाठी योग्य वाटली. तिथे आणखी एक लाभ झाला. वावळाची पाने हिवाळ्याच्या अखेरीस गळतात आणि उन्हाचा ताप वाढेपर्यंत नवी पालवी येते, त्यामुळे थंडीत ऊन आड येत नाही आणि वैशाखात सावली मिळते.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवणे योग्य नाही. वावळाचे परागकण वाऱ्याने पसरतात आणि उत्तर भारतात श्वसनाच्या अॅलर्जीचे ते एक ओळखले गेलेले कारण आहे. घरात कोणाला दमा असेल, वसंताच्या तोंडाशी शिंका व खोकला बळावत असेल, तर हे झाड लावण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे आणि लावायचेच असेल तर शयनगृहाच्या खिडक्यांपासून शक्य तितके दूर लावावे. भाजीच्या वाफ्यांजवळही ते नको. सावलीचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा त्रास म्हणजे दर उन्हाळ्यात वाफ्यांत येऊन पडणाऱ्या हजारो चकत्या.

बी कधी आणि कशी गोळा करावी

फुले बारीक व हिरवट असतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या सुमारास पानाविना उभे असलेले झाड अचानक पोपटी झालेले दिसते. ती पालवी नव्हे, त्या कोवळ्या चकत्या होत. अक्षय्य तृतीयेच्या आसपास त्यांचा रंग पोपटीवरून गवती पिवळा आणि मग फिकट तपकिरी होतो. झाडावरच्या निम्म्याहून अधिक चकत्या वाळलेल्या गवताच्या रंगाच्या झाल्या, की गोळा करण्याची वेळ आली असे समजावे. हिरव्या चकत्यांतील दाणा भरलेला नसतो आणि पूर्ण सुकू दिल्यास मेच्या वाऱ्यात त्या एका दुपारीत चार शेते ओलांडून जातात.

मातृवृक्ष निवडताना सरळ खोडाचा, निरोगी आणि फार खाली फांद्या न फुटलेला वृक्ष पाहावा. एकाच झाडाची बी घेण्याचा मोह आवरावा. एकमेकांपासून दूर असलेल्या चार-पाच झाडांची थोडी थोडी बी घेतली तर पुढच्या पिढीत विविधता राहते आणि एखाद्या रोगाने सगळी रांगच बसण्याचा धोका कमी होतो. सकाळी सहा-साडेसहाला वारा पडलेला असतो. त्या वेळी झाडाखाली दोन जुन्या चादरी पसराव्यात, लांब बांबूला बांधलेल्या आकड्याने फांदी हलकेच हलवावी आणि पडेल तेवढेच घ्यावे. जमिनीवर आधीपासून पडलेल्या चकत्या घेऊ नयेत, कारण त्यांतील कित्येक किडीने पोखरलेल्या असतात आणि किती दिवसांच्या आहेत हेही कळत नाही.

गोळा केलेल्या ढिगात पोकळ चकत्या बऱ्याच निघतात. मी दोन परीक्षा करतो. पहिली बोटांची : चकतीचा मध्य चिमटीत धरला की भरलेला दाणा टणक व फुगीर लागतो, पोकळ चकती कागदासारखी दबते. दुसरी पात्याची : ढिगातून न निवडता वीस चकत्या उचलाव्यात, दाणा आडवा कापावा आणि आत पांढरा, ओलसर गर किती जणींत आहे ते मोजावे. वीसपैकी बारा भरल्या असतील तर बी उत्तम, सात-आठ असतील तर चालेल पण दाट पेरावी, आणि चारच असतील तर दुसरे झाड शोधावे. पाण्यात टाकून तरंगणारी बी फेकून देण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण पंखामुळे चांगली बीसुद्धा प्रथम तरंगते. त्यापेक्षा सूप बरे. चकत्या गोणपाटावर हलक्या हाताने चोळून पंखाची कड मोडली आणि मग सुपात पाखडल्या, की पोकळ भाग व फोलपटे पुढे उडतात आणि वजनदार दाणे मागे राहतात. ज्या घरात तांदूळ पाखडण्याची सवय टिकून आहे तिथे हे काम दहा मिनिटांचे आहे. माझ्या घरी ते माझ्या पत्नीने केले आणि मी चादर धरली.

साठवण, आणि माझी चूक

पहिल्या वर्षी मी बी मे महिन्याच्या सुरुवातीला गोळा केली, प्लास्टिकच्या बरणीत घट्ट भरली आणि “पाऊस पडला की पेरू” असे म्हणून ती पत्र्याच्या कोठीत ठेवली. जुलैत ३०० बिया पेरल्या आणि ११ रोपे उगवली. बी वाईट नव्हती, कारण त्याच ढिगातील मूठभर बी मी मेमध्येच एका कुंडीत टाकली होती आणि तिथे कुंडी भरून रोपे आली होती. पत्र्याखालचा उकाडा आणि बरणीत कोंडलेली ओल यांनी बाकीची बी मारली.

म्हणून पहिला नियम असा, की गोळा केल्यापासून आठवडाभरात पेरावी. ते शक्य नसेल तर बी सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली दोन दिवस पसरून सुकवावी, सुती पिशवीत घालून मातीच्या मडक्यात ठेवावी आणि मडके घरातील सर्वांत थंड खोलीत असावे. त्याहून अधिक काळ ठेवायची असेल तर नीट सुकवलेली बी हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, पण पुढच्या वर्षापर्यंत ती टिकेल अशी अपेक्षा धरून बागेची आखणी करू नये. दुकानातून बी विकत घेताना ती कोणत्या महिन्यात गोळा केली हे विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर पैसे जपून ठेवावेत.

माती

काळी माती पिकासाठी कितीही चांगली असली तरी बी उगवण्यासाठी ती एकटी कामाची नाही. ओली असताना ती लोण्यासारखी चिकटते, सुकताना तिच्यावर खरपुडी धरते आणि नाजूक अंकुराला ती फोडता येत नाही. पेरणीच्या मिश्रणासाठी मी दोन भाग गाळलेला मुरूम किंवा पोयट्याची माती, एक भाग नर्मदेची जाडसर रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट घेतो. काळी माती घालायचीच असेल तर मुरमाच्या जागी निम्मी घालावी, त्याहून अधिक नको.

कंपोस्टच्या बाबतीत इंदूरकराला दूर पाहण्याची गरज नाही. १९२४ ते १९३१ या काळात याच शहरातील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी, यशवंत वाड यांच्या सहकार्याने, कंपोस्टची जी पद्धत बसवली तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ असेच म्हणतात. वाळलेला पालापाचोळा व काडीकचरा यांचा थर, त्यावर शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची थोडी राख, अशा थरांवर थर रचून ढीग ओला ठेवावा आणि ठराविक अंतराने तीनदा उलथावा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होते. मेमध्ये हवे असेल तर ढीग जानेवारीच्या अखेरीस रचला पाहिजे, आणि त्या वेळी वावळाची स्वतःची गळालेली पानेही हाताशी असतात. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र पेरणीच्या मिश्रणात घालू नये. त्यात हुमणीच्या अळ्या येतात आणि कोवळी मुळे त्यांच्या आवडीची असतात.

पेरणी

पेरणीपूर्वी बी साध्या पाण्यात रात्रभर भिजवावी. उकळते पाणी, आम्ल किंवा कवच घासणे यांतले काहीही लागत नाही. ते उपाय बहाव्यासारख्या कठीण कवचाच्या बियांसाठी आहेत आणि वावळाची बी त्यांनी मरेल. भिजवल्याचा आणखी एक फायदा असा, की जड झालेल्या चकत्या पेरताना वाऱ्याने उडत नाहीत.

वाफा एक मीटर रुंद, हवा तितका लांब आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी साचणार नाही. ओळींमध्ये १५ सेंटिमीटर व बियांमध्ये ४-५ सेंटिमीटर अंतर ठेवून चकत्या आडव्या ठेवाव्यात, त्यांवर जेमतेम एक सेंटिमीटर रेतीमिश्रित माती पसरावी आणि वर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्यावा. वाफ्यावर दीड-दोन मीटर उंचीवर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी. वाफ्याच्या कडेने बारीक तारेची जाळी खोचायला विसरू नये, कारण खारींना हा दाणा माकडांइतकाच आवडतो. एका सकाळीत त्यांनी माझी दीड ओळ उकरून खाल्ली आणि रिकाम्या चकत्या वाफ्यावरच ठेवून गेल्या. मुंग्यांच्या रांगा दिसल्यास वाफ्याभोवती राखेची रेघ ओढावी आणि पाणी दिल्यावर ती पुन्हा ओढावी.

मेमध्ये झारीने दिवसातून दोनदा, सकाळी व दुपार उतरल्यावर, हलके पाणी द्यावे. माती ओलसर राहावी, चिखल होऊ नये. पहिले अंकुर आठ-दहा दिवसांत दिसतात आणि तीन आठवड्यांत उगवायचे ते बहुतेक उगवून होते. अंकुर दिसताच गवत काढून घ्यावे, नाहीतर रोपे उंच, पिवळी आणि लेचीपेची होतात. वावळाच्या कोवळ्या रोपाच्या पानांना करवतीसारखी दातेरी कड असते, तर मोठ्या झाडाच्या पानांची कड सरळ असते. हे ठाऊक नसल्याने माझ्या माळ्याने पहिल्या वर्षी काही रोपे तण समजून उपटली. पान चुरगाळून वास घ्यावा. तो उग्र व नकोसा असेल तर रोप वावळाचेच आहे.

या दिवसांत सर्वांत मोठा धोका जमिनीलगत खोड सडून रोप आडवे पडण्याचा आहे. सकाळी ताठ असलेली पन्नास रोपे संध्याकाळी माना टाकलेली दिसतात. हा मातीतील बुरशीचा रोग आहे आणि तो जास्त पाणी, दाट पेरणी व कोंडलेली हवा यांमुळे येतो. मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून ठेवणे, उगवण सुरू झाल्यावर संध्याकाळचे पाणी बंद करून फक्त सकाळी देणे आणि दाटी झाली तर निर्दयपणे विरळणी करणे, हे तिन्ही केले तर नुकसान थोडक्यात राहते.

पिशवी आणि मुळे

रोपाला बीजपत्रांनंतरची चार खरी पाने आली, म्हणजे जूनच्या मध्याला किंवा थोडे पुढे, की ते पिशवीत न्यावे. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडावी, वाफा आधी भिजवावा, रोप पानाला धरून उचलावे, खोडाला धरू नये, आणि सोटमूळ वाकणार नाही इतके खोल छिद्र करून ते सोडावे. मूळ फार लांब झाले असेल तर वाकवून कोंबण्यापेक्षा टोक नखाने खुडलेले बरे. रोपवाटिकांमध्ये सहा इंच रुंद व नऊ इंच उंच पिशवी सर्रास मिळते, पण वर्षभर रोप ठेवायचे असेल तर बारा इंच उंचीची घ्यावी. वावळाचे सोटमूळ घाईचे असते. उथळ पिशवीत ते तळाशी पोचून गोल फिरू लागते, आणि असे वेटोळे झालेले मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही. झाड तीन-चार वर्षे छान दिसते आणि मग एखाद्या वादळात मुळासकट आडवे होते.

पिशव्या थेट जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा जाड प्लास्टिकवर ठेवाव्यात आणि दर तीन आठवड्यांनी उचलून जागा बदलावी, म्हणजे तळातून बाहेर येणारी मुळे जमिनीत घुसत नाहीत. पावसाळा संपेपर्यंत रोपे साधारण एक फुटाची होतात. ऑक्टोबरपासून जाळी काढून त्यांना पूर्ण उन्हाची सवय लावावी. डिसेंबर-जानेवारीत माळव्याच्या पठारावर, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, एखाददुसरी रात्र फार कडक जाते. अशा रात्रीच्या आदल्या संध्याकाळी पिशव्यांना पाणी द्यावे आणि वर गोणपाट टाकावे. हिवाळ्याच्या शेवटी रोपांची पाने गळली तर ती मेली असे समजून फेकू नयेत. नखाने साल किंचित खरवडून खाली हिरवे दिसते का ते पाहावे.

खड्डे आणि लागवड

खड्डे लागवडीच्या आधी, एप्रिल-मेमध्येच खणावेत. दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा उन्हात महिनाभर उघडा राहिला की किडीची अंडी मरतात आणि माती मोकळी होते. काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंती टिकावाच्या फटक्याने गुळगुळीत होतात आणि भर पावसात अशा खड्ड्याचे मडके बनते; मुळे त्यातून बाहेर जात नाहीत आणि पाणीही जात नाही. म्हणून भरण्यापूर्वी भिंती पहारीने खरवडून खडबडीत कराव्यात. निघालेल्या वरच्या थराची माती, दोन घमेली मुरूम, सुमारे दहा किलो कंपोस्ट आणि वाळवीसाठी पाव किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरावा आणि मधोमध जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा, कारण पावसाने माती बसते आणि खोलगट राहिलेल्या जागी रोप कुजते.

इंदूरला वर्षाचा सरासरी पाऊस साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याचा बहुतेक भाग जून अखेर ते सप्टेंबर या काळात पडतो. पहिल्या सरीला भुलू नये. माती वीतभर खोल भिजली आहे याची खुरप्याने खात्री करून, साधारणपणे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, मागच्या वर्षीची रोपे लावावीत. पिशवी कापून काढावी, ओढून नव्हे. तळाशी मुळांचे वेटोळे झाले असेल तर धारदार पात्याने तेवढा भाग कापून टाकावा आणि रोप पिशवीत होते त्याच पातळीपर्यंत मातीत ठेवावे.

मोठ्या बागेत याहून सोपा मार्गही आहे आणि खरे सांगायचे तर मला तोच अधिक आवडतो. तयार खड्ड्यांत, पाऊस लागताच, फ्रिजमध्ये जपलेली त्याच उन्हाळ्याची बी पाच-सहा दाणे प्रत्येकी एक सेंटिमीटर खोल टोचावी आणि महिन्याने सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटू नयेत, राहणाऱ्या रोपाचे मूळ हलते. या रोपाचे सोटमूळ कधीच वाकलेले नसते. माझ्या बागेत अशी जागच्या जागी उगवलेली रोपे पहिल्या वर्षी पिशवीतल्या रोपांच्या निम्मी होती आणि चौथ्या वर्षी त्यांच्या बरोबरीला आली. अट एवढीच, की पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक खड्ड्याभोवतीचे तण दर पंधरा दिवसांनी काढणारा माणूस हवा. तो नसेल तर पिशव्याच बऱ्या.

पहिले दोन उन्हाळे

झाड जगते की मरते ते इथे ठरते. पावसाळा संपला की काळी माती आकसू लागते आणि मार्चपर्यंत तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. या भेगांतून गरम हवा आत शिरते आणि कोवळी मुळे तुटतात व सुकतात. उपाय जुनाच आहे : पाणी दिल्यावर दोन दिवसांनी, माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना, आळ्यातील वरचा थर खुरप्याने मोकळा करावा आणि त्यावर चार बोटे जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा सोयाबीनच्या भुशाचे आच्छादन घालावे. आच्छादन खोडापासून एक वीत दूर असावे, नाहीतर वाळवीला आयतीच शिडी मिळते.

पाणी थोडे व रोज देण्यापेक्षा भरपूर व अंतराने द्यावे. मार्च ते जून या काळात दर आठ दिवसांनी प्रत्येक झाडाला १५ ते २० लिटर पुरते. रोज तांब्याभर ओतल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. ज्यांना आठवड्यातून एकदाच बागेत जाता येते त्यांनी झाडापासून हातभर अंतरावर तळाला बारीक छिद्र पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, छिद्रात सुती वात घालावी, मडके भरून वर झाकणी ठेवावी. दुसऱ्या उन्हाळ्यात पाण्याचे अंतर पंधरा दिवसांवर नेता येते आणि तिसऱ्या वर्षानंतर साधारण पावसाच्या वर्षी पाण्याची गरज राहत नाही.

गुरे, शेळ्या आणि नीलगायी, ज्यांना इकडे घोडारोज म्हणतात, यांच्यापासून पहिली तीन वर्षे संरक्षण लागतेच. बाभळीच्या काट्यांचे कुंपण स्वस्त आहे, पण दर वर्षी नवे करावे लागते. रांगेतील झाडे असतील तर एकाच लांब तारेच्या कुंपणाचा खर्च शेवटी कमी पडतो. रोपाला काठी बांधायची झाल्यास सुती पट्टीने सैल बांधावी आणि वर्षभरात काढून टाकावी, कारण वाऱ्यात थोडे हलणारे खोडच जाड होते.

वावळाला लहानपणी दोन-तीन शेंडे फुटण्याची खोड आहे. दुसऱ्या वर्षापासून फेब्रुवारीत, नवी पालवी येण्यापूर्वी, सर्वांत सरळ शेंडा ठेवून स्पर्धा करणारे शेंडे कापावेत आणि खालच्या फांद्या दर वर्षी थोड्या थोड्या काढाव्यात; झाडाच्या उंचीच्या निदान दोन तृतीयांश भागावर फांद्या राहिल्या पाहिजेत. एखादे झाड गुरांनी खाल्ले किंवा वादळात मोडले तरी ते उपटू नये. जमिनीपासून वीतभर उंचीवर स्वच्छ काप द्यावा, पावसाळ्यात बुंध्यातून नवे धुमारे येतात आणि त्यांतील एक ठेवून बाकीचे काढले की झाड पुन्हा उभे राहते.

पंखाची बी असलेली इतर झाडे याच वाफ्यात करून पाहता येतात, फक्त थोडा फेर करावा लागतो. महारुखाची बीही ताजी असतानाच पेरावी. बिबळ्याच्या, म्हणजे इकडच्या भाषेत बीजाच्या, चकतीचे पंख कात्रीने छाटून ती दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावी लागते, आणि अर्जुनाच्या पाच पंखांच्या टणक फळालाही तेवढेच भिजणे लागते.

बागेतील वावळांना फळे येऊ लागली, की जूनच्या शेवटी वाफ्यांत, कुंड्यांत, अगदी फरशीच्या सांध्यांतही त्यांची रोपे उगवतात. ती दोन पानांवर असतानाच, माती ओली असताना, हाताने उपटावीत. महिनाभर थांबले तर सोटमूळ इतके खोल जाते की खुरपे लागते, आणि वर्षभर थांबले तर पहार.